समोसे संपले, कस्टमर कुठेय?

बॉसने सेमिनारचं काम गळ्यात मारलंय? टेन्शन घेऊ नका. हॉल बुक करायच्या आधी हे वाचा.

सोमवार सकाळची मीटिंग. चहाचा कप अजून हातातच आहे आणि बॉस म्हणतात, ‘पुढच्या महिन्यात एक सेमिनार लावू या. शंभरेक लोक जमव. बघ, कसा बिझनेस येतो ते!’ सगळे माना डोलावतात आणि काम येतं ऑफिसातल्या सगळ्यात तरुण माणसाकडे. म्हणजे तुमच्याकडे.

मग ठरलेला सिलसिला सुरू होतो. जालना रोडवरच्या हॉटेलांचे रेट काढायचे, फ्लेक्स छापायचा, व्हॉट्सअॅपवर निमंत्रण फिरवायचं, पेनं आणि फोल्डर मागवायचे. शनिवारी संध्याकाळी हॉल भरतो. बॉस खूश, फोटो झकास. सोमवारी हिशेब मांडायला बसलं की कळतं, आलेल्यांत निम्मे आपलेच मित्र आणि त्यांचे मित्र, दहाएक जण कॉम्पिटिटरच्या ऑफिसातले, काही जण दर शनिवारी कुठल्या ना कुठल्या सेमिनारला दिसणारे ‘रेग्युलर’ आणि उरलेल्यांचे नंबर लिहिलेला कागद केटररच्या टेबलावर राहिलेला. समोसे संपले, पण कस्टमर कुठेय?

सेमिनार हे काही वाईट हत्यार नाही. उलट ज्या गोष्टी माणूस लगेच विकत घेत नाही, चार वेळा विचार करून, घरच्यांना आणि पार्टनरला विचारून घेतो, त्या विकायला यासारखं दुसरं साधन नाही. सोलर, सॉफ्टवेअर, विमा, मशिनरी, फ्लॅट, कोर्सेस, सगळं यात आलं. फक्त सेमिनार म्हणजे ‘कार्यक्रम’ हा समज डोक्यातून काढायला हवा. कार्यक्रम लग्नाचा असतो. सेमिनार हा विक्रीच्या प्रवासातला एक स्टॉप आहे. त्याच्या आधीचा रस्ता आणि नंतरचा रस्ता ठरलेला नसेल, तर मधला स्टॉप कितीही चकाचक असो, गाडी कुठेच पोचत नाही.

आपल्याच शहराचा एक भारी किस्सा

ग्राहक कसा ठरवतो, हे समजून घ्यायला कुठल्या परदेशी मॅनेजमेंट गुरूकडे जायची गरज नाही. २०१० सालचं आपलं शहर आठवा, तेव्हाचं औरंगाबाद. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये इथल्या उद्योजक आणि व्यावसायिकांच्या एका गटाने एकदम १५० मर्सिडीज गाड्या घेतल्या. सौदा सुमारे ६५ कोटींचा. म्हणजे सरासरी काढली तर गाडीमागे त्रेचाळीस लाखांच्या आसपास. स्टेट बँकेने या गाड्यांना ७ टक्के दराने कर्ज दिलं. देशभरच्या पेपरांत आणि चॅनेलवर बातमी झळकली. मुंबई-पुण्याचे लोक विचारायला लागले, हे औरंगाबाद नक्की आहे तरी कुठे?

त्यावर टीकाही झाली आणि ती रास्त होती. पत्रकार पी. साईनाथ यांनी तेव्हाच लिहिलं होतं की याच भागातल्या शेतकऱ्याला ट्रॅक्टरच्या कर्जावर याहून बराच जास्त दर मोजावा लागतो. तो मुद्दा विसरू नये. पण विक्रीच्या चष्म्यातून पाहिलं तर या किश्श्यात आपल्या कामाचं बरंच आहे.

पहिली गोष्ट, गाडी परवडणारे लोक शहरात आधीपासून होतेच. कंपनीने ते निर्माण केले नाहीत. अडचण पैशाची नव्हती, ‘मी एकटाच घेतली तर लोक काय म्हणतील’ अशी भीड होती. दीडशे जणांनी मिळून घ्यायचं ठरलं आणि ती भीड गेली. दुसरी गोष्ट, एकमेकांना पटवलं ते एकमेकांनीच. सेल्समनचं प्रेझेंटेशन ऐकून कोणी चाळीस लाखांवर सही करत नाही. शेजारच्या प्लॉटमधला कारखानदार ‘मी घेतोय, तू पण ये’ म्हणाला की करतो. आणि तिसरी, गाडीपेक्षा मोठं असं एक कारण सगळ्यांसमोर होतं. आपल्या शहराचं नाव गुंतवणूकदारांच्या नकाशावर जावं. माणसं वस्तू घेतात, पण ‘का घेतली’ हे सांगायला चांगलं कारण मिळालं की लवकर घेतात.

आता तुमच्या सेमिनारकडे वळा. तुम्ही दीड तास स्टेजवरून बोलणार आहात. पण खरी विक्री होणार आहे ती खुर्च्यांच्या रांगांमध्ये, एका ग्राहकाने दुसऱ्याला विचारलेल्या प्रश्नात. ‘तुम्ही घेतलंय का? कसं आहे?’ हा प्रश्न विचारायला जागा आणि वेळ ठेवली नसेल, तर हॉलचं भाडं पाण्यात.

नांगर विकायला दोन वर्षं

याहून जुनं उदाहरण हवंय? २०२४ च्या जुलैमध्ये टोयोटा किर्लोस्करने आपल्या शहरात कारखाना काढण्यासाठी राज्य सरकारशी सामंजस्य करार केला, तेव्हा सगळ्यांच्या स्टेटसवर तीच बातमी होती. त्या नावातल्या किर्लोस्करांच्या घराण्याची सुरुवात झाली ती लोखंडी नांगरापासून. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी नांगर बनवला, पण घ्यायला कोणी तयार होईना. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत. पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली म्हणतात. वस्तू चांगली असणं आणि वस्तू पटणं यात केवढं अंतर असतं, बघा.

पुढे १९२० मध्ये किर्लोस्करवाडीहून ‘किर्लोस्कर खबर’ निघालं. कारखान्याची खबरबात लोकांपर्यंत पोचवायला काढलेलं हे पत्रक शंकरराव किर्लोस्करांच्या हाती वाढत गेलं आणि ‘किर्लोस्कर’ या नामवंत मासिकाला जाऊन पोचलं. आज कॉर्पोरेट भाषेत ज्याला ‘कंटेंट मार्केटिंग’ म्हणून लाखभर रुपयांचे कोर्स विकले जातात, ते मराठी माणसाने शंभर वर्षांपूर्वी करून दाखवलंय. लोकांना वाचावंसं वाटेल ते आधी द्या, माल मागून विकला जातो.

आणि शेजारच्या जालन्याचं काय? बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये तिथे ‘महिको’ ही बियाण्यांची कंपनी काढली. १९९८ मध्ये त्यांना ‘वर्ल्ड फूड प्राइझ’ मिळालं. बियाणं ही विकायला फार अवघड वस्तू. पिशवीतला दाणा बघून काही कळत नाही, आणि फसलं तर शेतकऱ्याचा अख्खा हंगाम जातो. म्हणून या धंद्यात ‘पीक पाहणी’ची पद्धत रुजली. गावातल्याच एखाद्या शेतकऱ्याच्या रानात बियाणं लावायचं, पीक उभं राहिलं की आजूबाजूच्या गावांतल्या लोकांना बांधावर बोलवायचं. तिथे कंपनीचा माणूस कमी बोलतो आणि रानाचा मालक जास्त. ‘किती पाणी दिलं? खत कोणतं? उतार काय पडला?’ प्रश्न त्याला विचारले जातात, उत्तरंही तोच देतो. मराठवाड्यातला सगळ्यात यशस्वी सेमिनार एसी हॉलमध्ये होत नाही, तो कपाशीच्या बांधावर होतो!

शहरातही तेच दिसेल. बीबी का मकबरा पाहून निघालेले टुरिस्ट हिमरूच्या दुकानात येतात, तेव्हा शालीचे गठ्ठे सोडायच्या आधी त्यांना हातमाग दाखवतात. पैठणला पैठणी घ्यायला गेलात तरी तेच. विणकराचा हात कसा चालतो, एका बोटभर पदराला किती वेळ जातो, हे डोळ्यांनी पाहिलं की किंमत ऐकून भुवया वर जात नाहीत. आधी दाखवा, मग सांगा, शेवटी किंमत. क्रम लक्षात ठेवा.

शंभर नकोत, चाळीस बोलवा

चला, आता प्रत्यक्ष प्लॅनिंग. समजा, तुमची कंपनी घरांच्या छतावर सोलर बसवते. बॉसने शंभर लोक मागितलेत. पहिलं काम, बॉसला विचारा: ‘सर, कोणते शंभर?’

बंगलेवाले, सोसायटीचे सेक्रेटरी, वाळूजचे छोटे कारखानदार या तिघांच्या अडचणी तीन प्रकारच्या. बंगलेवाल्याला घरच्या बिलाची चिंता. सेक्रेटरीला मीटिंगमध्ये वीस मेंबरांची तोंडं गप्प करायचीत. कारखानदाराचा पहिला प्रश्न असतो की पैसे किती वर्षांत वसूल होतील. या तिघांना एका हॉलमध्ये बसवलं की प्रत्येकाला दोन तृतीयांश वेळ कंटाळा येणार. एकाच प्रकारचे चाळीस लोक बोलवा. हॉल लहान घ्या. शंभर खुर्च्यांत चाळीस माणसं म्हणजे फ्लॉप शो, पन्नास खुर्च्यांत चाळीस म्हणजे हाऊसफुल्ल!

मग विषय. ‘सौरऊर्जा: काळाची गरज’ असा फ्लेक्स लावलात तर येतील ते निवृत्त प्राध्यापक आणि स्पर्धा परीक्षेची मुलं. दोघंही आदरणीय, पण आज घेणारे नाहीत. त्याऐवजी लिहा: ‘तुमचं लाइट बिल घेऊन या, सोलरने किती कमी होईल ते कागदावर मांडून देतो’. या एका ओळीने तीन कामं होतात. ज्याला बिल टोचतंय तोच येतो. तो हातात बिल, म्हणजे त्याची खरी गरज, घेऊन येतो. आणि प्रत्येकाशी वेगळं बोलायला तुम्हाला आयतं निमित्त मिळतं.

हिशेबही सोपा असतो. एक किलोवॉटचं पॅनल दिवसाला साधारण चार युनिट वीज देतं, असा ढोबळ अंदाज धरतात. तीन किलोवॉटला महिन्याचे साडेतीनशेच्या आसपास युनिट झाले. केंद्राच्या २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत तीन किलोवॉटसाठी अठ्ठ्याहत्तर हजारांपर्यंत अनुदान ठरलं. समोरच्याच्या बिलावर पेनाने हे आकडे मांडून दाखवा. तुमच्या कंपनीचा इतिहास, फाउंडर साहेबांचा फोटो आणि ‘अवर व्हिजन’ची स्लाइड बघायला कोणीही घरून निघालेलं नसतं.

तारीख, वार आणि वाळूजचा रस्ता

तारीख निवडताना कॅलेंडरवर फक्त हॉल रिकामा आहे का, एवढंच बघू नका. व्यापारी आणि कारखानदार हवे असतील तर महिन्याची ११ आणि २० तारीख टाळा. जीएसटी रिटर्नच्या धावपळीत कोणी तुमचं ऐकणार नाही. मार्च एंडिंग तर विसराच. गणपती, नवरात्र, दिवाळीच्या आधीचा पंधरवडा, दाट लग्नतिथी, सगळं बघून घ्या. आपलं शहर हिंदू-मुस्लिम दोघांचं. रमजानमध्ये संध्याकाळी सहाचा कार्यक्रम आणि शुक्रवारी दुपारी एकची वेळ म्हणजे अर्ध्या ग्राहकांना आपणच ‘येऊ नका’ म्हणण्यासारखं. हे भान ठेवणाऱ्या कंपनीबद्दल लोक लक्षात ठेवून चांगलं बोलतात, हेही तितकंच खरं.

मग जागा. वाळूज शहराच्या एका टोकाला, शेंद्रा दुसऱ्या. दिवसभर शॉपफ्लोअरवर उभा राहिलेला माणूस संध्याकाळी ट्रॅफिक कापत सिडकोला तुमचं प्रेझेंटेशन ऐकायला येईल, ही अपेक्षाच चुकीची. ग्राहक वाळूजला असेल तर सेमिनार वाळूजला करा. फाइव्ह स्टारच हवं असा हट्ट नको. आपल्याकडे ‘सीएमआयए’ आणि ‘मासिआ’सारख्या उद्योजकांच्या जुन्या, भक्कम संघटना आहेत. अशा संघटनेच्या सहकार्याने केलेल्या छोट्या बैठकीला जे वजन येतं, ते झुंबर लावलेल्या बँक्वेट हॉलने येत नाही. फक्त एक पथ्य पाळा. तिथे माहिती द्यायला बोलावलंय तर माहितीच द्या. दहाव्या मिनिटाला ऑर्डर बुक उघडलंत तर पुढच्या वेळी दार बंद.

‘एक्स्पोमध्ये स्टॉल घेतला की झालं ना?’ असंही बॉस म्हणतात. जानेवारी २०२४ मध्ये शेंद्र्याला ऑरिकमध्ये मासिआचा ‘अॅडव्हांटेज महाराष्ट्र एक्स्पो’ झाला. अशा ठिकाणी चार दिवसांत प्रचंड लोक समोरून जातात. पण ‘समोरून जातात’ हा त्यातला शब्द महत्त्वाचा. स्टॉलवर माणूस दोन मिनिटं थांबतो, सेमिनारला दीड तास बसतो. स्टॉलवर ओळख करा आणि त्यातल्या निवडक चाळिसांना सेमिनारला बोलवा. दोन्हींची जोडी जमली तर पैसे वसूल.

पैशाचं गणित, रफ वहीतलं

बॉसला भावना कळत नाहीत, एक्सेल कळतं. म्हणून आधीच गणित मांडा. समजा, हॉल बारा हजार, साठ जणांचं खाणं माणशी दोनशेने बारा हजार, फ्लेक्स आणि छपाई चार हजार, साउंड-प्रोजेक्टर चार हजार, फोन-फिराफिरी तीन हजार. एकूण पस्तीस हजार.

आता पंचेचाळीस लोक आले, तर एक माणूस सुमारे पावणेआठशे रुपयांना पडला. त्यातले वीस जण खरोखर घेण्याचा विचार करणारे असतील, तर असा एक माणूस साडेसतराशेला पडला. शेवटी तिघांनी ऑर्डर दिली, तर एक ग्राहक साधारण अकरा हजार सातशेला. आता तुमच्या धंद्यात एका ऑर्डरवर सुटतात किती? तीस हजार सुटत असतील तर तीन ऑर्डरींत नव्वद हजार आले, सेमिनार फायद्यात. आठच हजार सुटत असतील तर तुम्ही हॉटेलवाल्याचा धंदा केलात, स्वतःचा नाही! अशा वेळी ऑफिसच्या गच्चीवर पंधरा जणांची चहा-बैठक बरी. आकडे तुमचे टाका, पण पद्धत हीच ठेवा. हॉल बुक करायच्या आधी हा कागद बॉसच्या टेबलावर गेला की तुमच्याबद्दलचं मत बदललंच म्हणून समजा. अप्रेझलला उपयोगी पडेल.

दीड तासाचा खेळ

शनिवार उजाडला. सहाची वेळ दिलीय, तर सव्वासहाला सुरू करा, समोर दहा माणसं असली तरी. वेळेवर आलेल्यांना थांबवून उशिरा आलेल्यांची वाट बघणं हा आपला राष्ट्रीय खेळ आहे; तो इथे नको. सुरुवातीला फक्त चहा-बिस्किट. गरम नाश्ता शेवटी. आधी समोसा दिलात तर खाऊन निघून जाणारे जातील, आणि शेवटी दिलात तर नाश्त्याच्या टेबलाभोवती ज्या गप्पा होतात, त्यात निम्मं काम होतं.

दीपप्रज्वलन, सत्कार, नारळ-शाल, प्रमुख पाहुण्यांचं ‘माझे दोन शब्द’ म्हणत चाळीस मिनिटं चाललेलं भाषण, हे सगळं कट. पहिली वीस मिनिटं ग्राहकाच्या अडचणीबद्दल. पुढची वीस तुमचा उपाय, शक्यतो प्रत्यक्ष दाखवून. मग पंधरा मिनिटं तुमच्या एखाद्या जुन्या ग्राहकाला बोलू द्या. त्याला स्क्रिप्ट देऊ नका. ‘सुरुवातीला मीटर बदलायला महिना लागला, वैतागलो होतो, पण आता बरंय’ असं तो म्हणाला तर घाबरू नका. त्या एका तक्रारीमुळे त्याची पुढची सगळी तारीफ खरी वाटते. उरलेली पस्तीस मिनिटं प्रश्नोत्तरं आणि बिलांचे हिशेब.

भाषा? जी समोरच्याची ती. स्लाइड इंग्लिशमध्ये आणि बोलणं तोडक्या इंग्लिशमध्ये, हा प्रकार कॉर्पोरेट ट्रेनिंगमध्ये शोभतो. इथे मराठी, आणि गरज पडली तर आपली खास शहरी हिंदी. ‘पेबॅक पीरियड’ म्हणण्यापेक्षा ‘पैसे किती वर्षांत फिटतील’ म्हणा. शेवटच्या रांगेतला माणूस पण मान वर करेल.

आणि किंमत सांगा. ‘ते आपण पर्सनली डिस्कस करू’ हे वाक्य ऐकलं की व्यापारी माणूस मनातल्या मनात निघून जातो. नेमका आकडा सांगता येत नसेल तर ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ असं तरी सांगा.

‘आजच सही करा’ म्हणणारे

आता जरा गंभीर गोष्ट. फुकट सेमिनार म्हटलं की आज लोक आधी संशयाने का बघतात? कारण अनेकांनी पोळून घेतलंय. ‘अभिनंदन, तुम्हाला गिफ्ट लागलंय, बायकोला घेऊन या’ असा फोन येतो. गेल्यावर एका टेबलाला बसवतात, मोठ्या आवाजात गाणी लावतात, तीन-तीन माणसं आळीपाळीने बोलत राहतात आणि ‘ही ऑफर फक्त आज रात्रीपुरती’ म्हणत कार्ड मागतात. तुमच्यापैकी कित्येकांच्या घरात अशा हॉलिडे मेंबरशिपची एखादी फाइल धूळ खात पडलेली असेल.

आपल्या जिल्ह्याची जखम तर याहून खोल आहे. शेंद्रा-बिडकीनच्या औद्योगिक पट्ट्यासाठी जमिनी गेल्या, शेतकऱ्यांच्या हातात मोबदल्याचे पैसे आले आणि त्यांच्यामागे लागले भरमसाट परताव्याचं आमिष दाखवणारे लोक. २०२२ मध्ये गाजलेलं ‘तीस-तीस’ प्रकरण अजून कोणी विसरलेलं नाही. पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनीचे पैसे लोकांनी ओळखीच्या माणसाच्या शब्दावर दिले आणि ते अडकले. २०१० मध्ये दीडशे गाड्यांचा सौदा ज्या ‘तू घेतोस तर मी पण’ या विश्वासावर उभा राहिला, तोच विश्वास इथे लोकांना बुडवायला वापरला गेला. हत्यार एकच. कापायचं काय, ते धरणाऱ्याच्या हातात.

म्हणून तुम्ही स्टेजवर उभे राहता तेव्हा समोरचा फक्त तुमचं प्रॉडक्ट तोलत नसतो. तो आधीच्या सगळ्या फसवणुकीचा हिशेब मनात धरून बसलेला असतो. त्याच्यासमोर खरं बोलणं हे पुण्यकर्म म्हणून तर कराच, पण धंदा म्हणूनही तेच फायद्याचं आहे. जे नक्की मिळेल तेवढंच सांगा. ‘बिल झीरो होईल’ म्हणण्यापेक्षा ‘उन्हाळ्यात जास्त वाचेल, पावसाळ्यात कमी’ म्हणा. ज्याच्या छतावर दिवसभर शेजारच्या बिल्डिंगची सावली पडते, त्याला सगळ्यांसमोर सांगा, ‘काका, तुम्ही घेऊ नका, तुम्हाला परवडणार नाही.’ एक ऑर्डर जाईल, हॉलमधला विश्वास मिळेल. गुंतवणूक किंवा विमा विकत असाल तर आणखी जपा. नोंदणी नसताना शेअरचा सल्ला देणं आणि ‘गॅरंटीड’ परतावा कबूल करणं, दोन्ही गोष्टी ‘सेबी’च्या नियमांत बसत नाहीत.

तुम्ही चोवीस-पंचवीस वर्षांचे आहात. ही कंपनी कदाचित दोन वर्षांनी सोडाल, पण शहर हेच राहील आणि लोकही हेच. इथे दोन चौक ओलांडले की कोणीतरी ओळखीचं भेटतंच. कंपनीचं नाव लोक विसरतील. ‘त्या दिवशी स्टेजवरून बोलला होता तो पोरगा’, ‘ती मुलगी’, हे नाही विसरणार.

रविवारी झोपा, सोमवारी फोन करा

बहुतेक सेमिनार मरतात ते सेमिनारनंतर. बॅनर गुंडाळला की सगळ्यांना वाटतं, काम झालं. खरं तर आता सुरू झालं. त्याच रात्री, डोक्यात सगळं ताजं असताना, आलेल्यांच्या यादीचे तीन भाग करा. ज्यांनी किंमत आणि तारीख विचारली ते पहिल्या भागात. ज्यांनी प्रश्न विचारले ते दुसऱ्यात. जे फक्त हसून गेले ते तिसऱ्यात. प्रत्येक नावापुढे एक ओळ लिहा: ‘बिल पाच हजार, छत मोठं, मुलगा पुण्याला, त्याला विचारणार.’

पहिल्या भागातल्यांना सोमवारी-मंगळवारी फोन. ‘सर, काही विचार केला का?’ असा गळेपडू फोन नको. ‘तुम्ही बिल दिलं होतं, त्याचा पूर्ण हिशेब तयार आहे, मुलगा शनिवारी घरी असेल तर त्याच्यासमोरच दाखवू का?’ असा. दुसऱ्या भागातल्यांना त्यांच्या प्रश्नाचं उत्तर आठवडाभरात लेखी पाठवा. तिसऱ्या भागाला महिन्याने एक निरोप. बस.

आणि कृपा करून, सगळ्यांना न विचारता व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये टाकू नका! नंबर घेताना कागदावरच एक चौकोन ठेवा: ‘मला माहिती पाठवलेली चालेल’. ज्याने टिक केली त्यालाच पाठवा. २०२३ मध्ये संसदेने वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाचा कायदा केलाय आणि त्याचा गाभाच संमती हा आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी, रोज सकाळी ‘गुड मॉर्निंग’च्या फुलावर तुमचा लोगो बघून कोणी सोलर घेत नाही, एवढं नक्की.

जाता जाता

हॉल बुक करायच्या आधी बॉससमोर हे पाच प्रश्न ठेवा.

१. नेमके कोणते चाळीस लोक हवेत?
२. ते घरी जाताना त्यांच्या हातात कामाचं काय असेल?
३. आपल्या वतीने बोलणारा जुना ग्राहक कोण?
४. किती ऑर्डर आल्या तर खर्च वसूल?
५. सोमवारी फोन कोण करणार?

पाचही उत्तरं मिळाली तर लावा सेमिनार. एखादं अडलं तर अजून आठवडाभर थांबा. समोसेवाला कुठे पळून जात नाही!